शाळेतला दिवा आणि त्या खोलीची किल्ली

गेल्या महिन्यात एका बैठकीला गेले होते. विषय होता 'ग्रामीण शाळांचं सौर विद्युतीकरण'. पडद्यावर एकामागून एक चित्रं येत होती. निळी पॅनेलं, पांढरे दिवे, टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली मुलं. किती शाळा, किती किलोवॅट, किती लाख रुपये, सगळा हिशेब चोख. चहाच्या वेळी मी बोलणाऱ्या साहेबांना विचारलं, "यातल्या किती शाळांत आज दिवा लागतो?" ते म्हणाले, "देखभाल आमच्याकडे येत नाही, ती शाळेनं बघायची." मग मी दुसरा प्रश्न विचारला, "बॅटरीच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?" साहेब हसले. "ताई, किल्लीचा इथं काय संबंध?"

संबंध आहे. तो मला फार उशिरा आणि एका शाळेचं नुकसान झाल्यावर कळला. त्या नुकसानीत माझाही वाटा होता. तो लपवून नुसता उपदेश करणं बरं नाही, म्हणून आधी माझीच गोष्ट सांगते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात मी काही वर्षं काम केलं. सातपुड्याचा हा भाग तुमच्यापैकी अनेकींनी नर्मदेच्या आंदोलनाच्या निमित्तानं ऐकलेला किंवा पाहिलेला असेल. इथलं गाव एका जागी नसतं. एका टेकडीवर चार घरं, दुसरीवर सहा, मध्ये ओहोळ. वस्ती भिल्ल आणि पावरा समाजाची. दिवाळी झाली की निम्मी घरं ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत जातात. अशाच एका पाड्यावर दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते पाचवी. तिथे विजेचे खांब पोचले होते, पण पहिल्या पावसात तार तुटली की ती दिवाळीलाच जोडली जायची.

२०१८ साली आमच्या संस्थेमार्फत एका कंपनीच्या निधीतून या शाळेवर सौर संच बसवायचं ठरलं. कंपनी कायद्यानं २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो, त्यातला हा पैसा. गावाची पाहणी करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी समाजकार्याची पदवीधर. गरजांचं मूल्यमापन कसं करायचं ते दोन वर्षं शिकून आलेली. प्रश्नावली तयार केली, पाड्यावर गेले, पारावर बसले. पारावर कोण असतं? पुरुष. 'संचाची देखभाल कोण करू शकेल?' या प्रश्नापुढे मी तीन मुलांची नावं लिहिली. दोघं दहावी झालेले, एक आयटीआयला जाऊन आलेला. हे लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही. शाळेत खिचडी शिजवणारी बाई तेव्हा माझ्यासमोर चहाचे कप ठेवत होती. तिला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

समारंभ झाला, फीत कापली, फोटो निघाले. शाळेच्या दारावर एक मोठा दिवा लागला, नेमका कंपनीच्या पाटीवर उजेड पडेल असा. वर्गात दिवे, पंखे आणि टीव्ही आला. मुलींचं संडास शाळेच्या मागं, साठ पावलांवर. तिथं दिवा नव्हता. तिथं पाणीही नव्हतं. आराखड्यात ते नव्हतं, कारण प्रश्नावलीत नव्हतं, आणि प्रश्नावली मी तयार केली होती.

सुरुवातीचे महिने मोठ्या आनंदात गेले. संध्याकाळी शाळेत अभ्यासवर्ग सुरू झाला. दुसऱ्या गावच्या शाळेत सातवी-आठवी-नववीला जाणारी मुलंमुली येऊ लागली. मग हळूहळू मुली कमी झाल्या. मी घरोघर जाऊन विचारलं. आया सांगत होत्या, "ताई, अभ्यासाला नाही कोण म्हणतं? पण मागं अंधारात जावं लागतं. पोरं शिट्ट्या मारतात. साप निघतो." एक नववीतली मुलगी होती. गणितात हुशार, लहान मुलांना पाढे शिकवायची. तिच्या आईनं तिला थांबवलं. मी कार्यालयाला 'शौचालयाजवळ एक दिवा हवा' असं पत्र लिहिलं. उत्तर आलं की मंजूर आराखड्यात बदल करता येत नाही. मी ते उत्तर फायलीत लावलं आणि पुढच्या कामाला लागले.

दरम्यान आयटीआयचा मुलगा सुरतेला गेला, दुसरा अंकलेश्वरला. तिसऱ्याचं लग्न झालं आणि तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाऊ लागला. त्यांची चूक नाही. हातात थोडं कसब आलं की पोट भरायला शहराकडे जाणं हेच त्यांना शिकवलेलं आहे. पण किल्ली मात्र एकाकडून त्याच्या काकांकडे, तिथून सरपंचांच्या घरी गेली. टीव्हीही 'सुरक्षिततेसाठी' तिकडेच गेला. बॅटरी शिशाची होती. तिच्यातलं पाणी आटतं, त्यात फक्त शुद्ध केलेलं पाणी घालायचं असतं. कुणीतरी चांगल्या हेतूनं हातपंपाचं पाणी ओतलं. हातपंपाच्या पाण्यात क्षार, आणि क्षारांनी बॅटरी मरते.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदीत शाळा बंद झाली. 'शिक्षण ऑनलाइन सुरू आहे' असं वरून सांगितलं जात होतं. पाड्यावर स्मार्टफोन मोजून चार, आणि ते चार्ज करायला तारेत वीज नाही. शाळेच्या छपरावर पॅनेलं उन्हात चमकत होती, खोलीला कुलूप होतं. एक शिक्षक पायपीट करून यायचे, झाडाखाली मुलं गोळा करायचे. दोन आया किल्ली मागायला गेल्या, तर त्यांना सांगितलं गेलं, "सरकारी माल आहे, बायकांचं काम नाही." शाळा पुन्हा उघडली तेव्हा बॅटरी पूर्ण संपली होती. त्या पाढे शिकवणाऱ्या मुलीचं मधल्या उन्हाळ्यात लग्न झालं. आज ती दोन मुलांची आई आहे. एका दिव्यानं तिचं लग्न थांबलं असतं असं मी म्हणणार नाही. तिच्या घरची गरिबी, टाळेबंदी, लांबची शाळा, सगळंच त्यात होतं. पण ज्या दिवशी तिची आई म्हणाली, "मागं अंधार आहे," त्या दिवशी तिला शाळेत ठेवायला एक दिवा कमी पडला, हे मी विसरू शकत नाही.

मला सर्वांत जास्त लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पदव्युत्तर शिक्षण घेताना आम्ही अभ्यासदौऱ्यावर राजस्थानात तिलोनियाला गेलो होतो. अजमेर जिल्ह्यातल्या या गावात १९७२ पासून काम करणारी संस्था पुढं 'बेअरफूट कॉलेज' म्हणून ओळखली गेली. दिवसभर शेळ्या राखणाऱ्या, घरकाम करणाऱ्या मुलांसाठी तिथे १९७५ पासून रात्रशाळा चालतात. या शाळांत मुलींची संख्या मोठी, कारण दिवसा शेळ्यांमागं जाणं हे मुलींच्याच वाट्याला येतं. त्या शाळांत सौर कंदील आले. ते जोडायला, दुरुस्त करायला त्यांनी गावातल्या बायकांना शिकवलं. काहींना अक्षरओळखही नव्हती. पुढं २००८ पासून भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या मदतीनं आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या खेड्यांतून आज्या झालेल्या बायका तिथं सहा महिने राहून सौर दिव्यांचं काम शिकून जाऊ लागल्या. एकीची भाषा दुसरीला येत नाही, म्हणून शिकवणं खुणांनी आणि रंगांनी. लाल तार कुठं, काळी कुठं, या रंगाच्या पट्ट्यांचा सुटा भाग कोणत्या जागी. पुरुष का नाहीत, असं विचारलं की तिथं साधं उत्तर मिळतं : पुरुषाला प्रमाणपत्र मिळालं की तो शहरात जातो, बाई गावात राहते.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. वहीत टिपून घेतलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. तरी पारावर बसल्यावर मी तीन मुलग्यांचीच नावं लिहिली. मैत्रिणींनो, पितृसत्ता सरपंचांच्या घरातच राहते असं नाही. ती माझ्या झोळीतल्या प्रश्नावलीतही होती.

इथं कुणी म्हणेल, दिवा तो दिवा, त्यात स्त्री-पुरुष कशाला आणता? म्हणून दिवा कुठं लागतो तेच आधी बघू. पैसा देणाऱ्याला दिवा पाटीवर हवा असतो, शिक्षण खात्याला टीव्हीसाठी, गावच्या पुढाऱ्यांना दर्शनी भागात. मुलींना तो हवा असतो संडासाजवळ, पाण्यापाशी आणि घरी जायच्या वाटेवर. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलींना तो हवा असतो झोपायच्या खोलीत आणि रात्री बाहेर पडायच्या दाराशी. या मागण्या लाजेच्या मानल्या जातात, म्हणून पारावर बोलल्या जात नाहीत. पाळी सुरू झालेली मुलगी महिन्यातून चार दिवस शाळेत का येत नाही, हे हजेरीपटावरून कळत नाही. संडास आहे, पण पाणी नाही, तर ते संडास म्हणजे चार भिंतीच. शाळेच्या सौर योजनेत पहिला खर्च पाण्याच्या पंपावर झाला पाहिजे. हातपंप तसाच ठेवून त्याच बोअरमध्ये सूर्यावर चालणारा पंप बसवण्याची 'दुहेरी पंप' योजना आपल्या राज्यात आदिवासी वस्त्यांवर राबवली गेली आहे. म्हणजे तंत्र हाताशी आहे. ते शाळेच्या संडासापर्यंत न्यायचं कुणी, एवढाच प्रश्न आहे.

कायद्याकडे बघू. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आपण सगळ्यांनी उचलून धरला, आणि ते बरोबरच होतं. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असलं पाहिजे त्याची यादी आहे. प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, खिचडीसाठी स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. या यादीत वीज नाही. एकविसाव्या शतकात केलेल्या कायद्यात शाळेसाठी वीज ही गरज म्हणून लिहिलेलीच नाही. आणि जिथे वीज होती तिथे काय झालं? आपल्या राज्यात कितीतरी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांना दुकानांच्या, म्हणजे व्यापारी दरानं बिल यायचं. वीज नियामक आयोगानं २०१२ साली 'सार्वजनिक सेवा' असा वेगळा गट केला, तेव्हा तो जाच थोडा कमी झाला. पण बिल भरायचं कशातून हा प्रश्न राहिलाच. थकबाकी झाली की शाळेचा मीटर काढून नेतात, आणि शिक्षक वर्गणी काढून तो परत आणतात. सौर संच हवा तो यासाठीच. महिन्याचं बिल नाही, तुटणारी तार नाही.

पण 'बिल नाही' याचा अर्थ 'खर्च नाही' असा घेतला जातो, आणि तिथंच घात होतो. आपल्या बायकांना आकड्यांची भीती घालून दूर ठेवलं जातं, म्हणून हे आकडे सोपे करून मांडते. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं. त्याला लागतं काय, तर धूळ पुसणं आणि झाडाची सावली पडू न देणं. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या पॅनेलची वीज घटते. शिशाची बॅटरी मात्र तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, तीही तिच्यात वेळेवर शुद्ध पाणी घातलं तर. लिथियमची नवी बॅटरी महाग, पण पाणी मागत नाही आणि जास्त वर्षं जाते. आपल्याकडे स्वच्छ उन्हात एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट वीज देतं. पावसाळ्यात निम्मी, कधी त्याहून कमी. दोन खोल्यांच्या शाळेला २० वॅटचे सहा दिवे रोज चार तास म्हणजे अर्धा युनिट. कमी वीज खाणारे ३० वॅटचे चार पंखे पाच तास म्हणजे आणखी सव्वा अर्धा. टीव्ही दोन तास चालला तरी पाव युनिटाच्या आत. एक अश्वशक्तीचा पंप अर्धा तास म्हणजे पाव ते अर्धा युनिट. सगळं मिळून दोन युनिटांच्या आतबाहेर. एक किलोवॅटचा छोटा संच नीट सांभाळला तर पुरतो. चुलीपुढं बसून चार माणसांच्या भाकरीचं पीठ नजरेनं मोजणारीला हा हिशेब जमणार नाही, असं कोण म्हणतं?

आमच्या पाड्यावर पुढं काय झालं ते सांगते. २०२१ च्या शेवटी मी पुन्हा गेले. या वेळी पारावर न बसता खिचडीच्या चुलीपाशी बसले. बचत गटाच्या बायका जमवल्या. ज्या बाईला मी कधी विचारलं नव्हतं, तिनंच बोलायला सुरुवात केली. "ताई, बॅटरीला हातपंपाचं पाणी घातलं तेव्हा मी बघत होते. डब्यावर लाल फुली होती. औषधाच्या बाटलीवर असते तशी. मला वाटलं, घालू नये. पण मला कोण विचारणार?" मी गप्प बसले. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. बहुतेक गावांत ती कागदावरच होते, सह्या घरोघर जाऊन घेतल्या जातात. या बायकांनी ती खरोखर भरवली. ठराव केला : शाळेच्या सौर संचाची नवी बॅटरी घ्यावी, संडासाजवळ आणि पाण्यापाशी दिवा लावावा, टीव्ही शाळेत परत यावा आणि किल्ली शाळा व्यवस्थापन समितीतल्या महिला सदस्यांकडे असावी. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीनचतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्याच लागतात. त्या होत्याही, पण नावाला. हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभेला अधिकार आहेत, आणि आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट या पंचायतींकडे येतो. त्यातून बॅटरी घ्यायचं ठरलं. मुख्य ग्रामसभेत आरडाओरडा झाला. "बायका आता वायरमन होणार काय?" असं विचारलं गेलं. एक म्हातारी उठून म्हणाली, "अंधारात तुम्ही नाही जात, आमच्या पोरी जातात." त्यानंतर फारसं कुणी बोललं नाही. ठराव मंजूर व्हायला दोन सभा आणि पैसे हाती यायला आठ महिने लागले. टीव्ही परत आला, त्याचा रिमोट मात्र अजून सापडलेला नाही.

शहरातून आलेल्या तंत्रज्ञानं दोन बायकांना पाच दिवस शिकवलं. पहिल्या दिवशी तो माझ्याकडे बघून बोलत होता. दुसऱ्या दिवशी मी खोलीबाहेर जाऊन बसले. आता दर शनिवारी पॅनेलं पुसली जातात. चार्ज कंट्रोलरवर हिरवा दिवा आहे की लाल, ते रोज भिंतीवरच्या कागदावर टिंबानं नोंदलं जातं. एकदा संच बंद पडला, तेव्हा उडालेला फ्यूज त्यांनीच बदलला. आकाश कोसळलं नाही. संध्याकाळच्या वर्गात मुली परत येऊ लागल्या आहेत. सगळ्या नाहीत, पण येतात.

याला मी यशोगाथा म्हणणार नाही, कारण एक मोठा प्रश्न अजून शिल्लक आहे. या दोघींना त्या कामाचे पैसे मिळत नाहीत. खिचडी शिजवणाऱ्या बाईचं मानधन राज्यात २०२३ साली वाढलं ते महिना अडीच हजार रुपयांवर. त्यात सौर संचाचं काम 'सेवा' म्हणून तिच्या गळ्यात. हेच काम पुरुषानं केलं असतं तर ते 'तांत्रिक' ठरलं असतं आणि त्याला पगार लागला असता. बाईनं केलं की ते घरकामाचं शेपूट होतं. बायका गावात राहतात, म्हणून त्यांना शिकवा, असं म्हणताना आपणही हाच सापळा रचतो का, याचा विचार आपल्या चळवळीनं केला पाहिजे. बाई गावात राहते ती प्रेमापोटीच असं नाही. तिला बाहेर पडायची वाट नसते म्हणूनही ती राहते. तिच्या त्या अडचणीवर फुकटात योजना चालवणं हा विकास नव्हे, शोषण आहे.

आणखी एक आक्षेप आपल्याच एका कार्यकर्तीनं मला विचारला : उजेड आला म्हणजे बाईचा दिवस लांबला, नाही का? आधी अंधार पडला की काम थांबायचं, आता रात्री दहापर्यंत निवडणं-टिपणं. तिचं खरं आहे. अभ्यासाच्या दिव्यांचंही तेच होतं. मुंबईच्या आयआयटीच्या एका प्रकल्पातून २०१४ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत शाळकरी मुलांना १२० रुपयांत सौर अभ्यासदिवे मिळाले. ते गावातल्याच लोकांनी जोडले आणि दुरुस्त केले. चांगलंच काम. पण असा दिवा घरी आला की तो भावाच्या वहीवर असतो की बहिणीच्या, की आईच्या चुलीपाशी, हे तंत्रज्ञान ठरवत नाही, घर ठरवतं. म्हणून तर मी घराऐवजी शाळेच्या दिव्याचा आग्रह धरते. शाळेच्या दिव्याखाली मुलगी बसली की तिच्या हातात सूप देता येत नाही. ती जागा तिची असते. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवसा ज्यांचा वेळ दुसऱ्यांच्या मालकीचा होता त्यांच्यासाठी. आजही कितीतरी मुलींचा दिवस त्यांच्या मालकीचा नाही. त्यांना संध्याकाळ तरी मिळू दे.

जाता जाता आमच्याच तालुक्यातली आणखी एक आठवण जागवते. बिलगावच्या लोकांनी २००३ साली अंगमेहनतीनं बंधारा घालून, धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॅटचा छोटा वीजप्रकल्प उभा केला. पाड्यांवर आणि तिथल्या जीवनशाळेत दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याचं पाणी चढलं आणि तो प्रकल्प बुडाला. दुसऱ्यांना वीज देण्यासाठी बांधलेल्या धरणानं आदिवासींनी स्वतः केलेली वीज बुडवली. म्हणून वीज म्हटली की ती कोण करतं, कुणाच्या घरी जाते आणि तिचं बटण कुणाच्या हातात आहे हे विचारल्याशिवाय आपण टाळ्या वाजवू नयेत. धरण असो की छपरावरचं पॅनेल, प्रश्न तोच.

आपल्या मागण्या साध्या आहेत. शिक्षणहक्क कायद्याच्या यादीत वीज आली पाहिजे. शाळेच्या प्रत्येक सौर योजनेत पंप आणि मुलींच्या स्वच्छतागृहातला दिवा आधी, पाटीवरचा दिवा शेवटी. मंजुरीच्या वेळीच बॅटरी बदलण्याची रक्कम शाळेच्या खात्यात वेगळी ठेवलेली असावी. आराखडा पक्का होण्यापूर्वी महिला सभेत वाचून दाखवावा आणि त्यात बदल करण्याचा अधिकार त्या सभेला असावा. देखभालीचं प्रशिक्षण गावातल्या किमान दोन बायकांना मिळावं आणि त्या कामाचं वेतन द्यावं. पैसे देणाऱ्यांनी बसवलेले संच न मोजता, तीन वर्षांनी चालू असलेले संच मोजावेत.

आणि हे वाचणाऱ्या मैत्रिणींना एक काम सांगते. तुमच्या जवळच्या कोणत्याही शाळेच्या छपरावर निळं पॅनेल दिसलं तर आत जा. दिवा लागतो का बघा. मुलींच्या संडासापर्यंत चालत जा, पावलं मोजा. मग विचारा, किल्ली कुणाकडे आहे? उत्तर देणारा हसला तर तुम्ही हसू नका. प्रश्न पुन्हा विचारा.